‘न्हय ती, तिका नाव कसला?’ : नद्या, डोंगर, घाट यांच्या नावांबद्दल

आडवाट

मे महिन्यात चार दिवस मालवण तालुक्यात मामाकडे होतो. फावल्या वेळात मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येईल अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, ओढे, पायवाटा, साकव, देवळं भरत असतो, म्हणून सकाळी गड नदीच्या काठाने निघालो. एका वळणावर एक आजी कपडे धूत होत्या. त्यांना विचारलं, "आजी, ह्या नदीचं नाव काय?" त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "न्हय ती. तिका नाव कसला?"

म्हणजे, नदी ती, तिला नाव कसलं? माझा प्रश्न त्यांना कळला नसावा असं आधी वाटलं. मग बाजूच्या दगडावर बसलो, गप्पा सुरू झाल्या आणि त्याच आजींनी जेमतेम अर्ध्या किलोमीटरमधली पाच नावं हात करून करून सांगितली. म्हशी बसतात त्या कोंडीचं नाव वेगळं, गणपती पोचवतात त्या उताराचं वेगळं, पूर्वी होडी सुटायची त्या जागेचं वेगळं. पात्रातल्या एका खडकालाही नाव होतं, कारण तो पाण्याखाली गेला की पलीकडे जायचं नाही हा गावाचा नियम. नाव नव्हतं ते फक्त नदीला.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की नाव लागतं ते दोन गोष्टी वेगळ्या सांगायला. ज्याच्या गावाला एकच नदी आहे त्याचं काम ‘नदी’ या शब्दाने भागतं. उगमापासून मुखापर्यंत सगळ्या पाण्याला एकच नाव हवं असतं ते लांबून बघणाऱ्याला: यात्रेकरूला, माहात्म्य सांगणाऱ्याला, सारा वसूल करणाऱ्याला, नकाशा काढणाऱ्याला.

कोकणात हे फार स्वच्छ दिसतं. सावित्री समुद्राजवळ आली की बाणकोटची खाडी होते. वाशिष्ठीची दाभोळची खाडी, शास्त्रीची जयगडची, मुचकुंदीची पूर्णगडची, वाघोटनची विजयदुर्गची. रत्नागिरीजवळ काजळी भाट्याच्या खाडीत हरवते. वरच्या अंगाला डोंगरातल्या लोकांची नदी, खालच्या अंगाला गलबतवाल्यांची खाडी. गलबतवाल्याला बंदर महत्त्वाचं, त्यामुळे पाण्याला बंदराचं नाव. पाणी तेच, पण ज्याचं काम त्याचं नाव.

गोव्यातली म्हादईही तशीच. वरच्या रानात ती म्हादई, खाली पणजीला मांडवी. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. मुंबईत आणि कच्छमध्ये मांडव्या आहेत त्याही बंदरालगतच.

भीमेचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे चंद्रभागा, आणि तालुका ओलांडला की पुन्हा भीमा. वारकऱ्याला विचारा, तो भीमेत अंघोळ केली असं कधीच म्हणणार नाही.

या धाग्यावर मला तुमच्याकडची नावं हवी आहेत. सरकारी नाव नको, ते नकाशात आहेच. तुमच्या घरात, शेतावर, गुरांमागे जे म्हणतात ते. आणि ते कोणाच्या तोंडून ऐकलंत तेही लिहा.

गोदेकाठी

धागा फारच आवडला. मी नाशिकची. आमच्या घरात ‘गोदावरी’ हा शब्द पूजेच्या संकल्पात आणि शाळेच्या पुस्तकात. एरवी "गंगेवर जाऊन येते" एवढंच. आईचा आठवड्याचा बाजारसुद्धा गंगेवरचा. लहानपणी भूगोलात गंगा उत्तर भारतात आहे असं वाचलं तेव्हा मी बाईंशी भांडले होते.

हे फक्त नाशकाचं नाही. खाली मराठवाड्यात गोदेकाठचं गंगापूर आहे, परभणी जिल्ह्यात गंगाखेड आहे, आणि सगळ्या गोदाकाठाला जुनं नाव गंगथडी. तशीच भीमेकाठची भीमथडी, जिथली तट्टं मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली होती. थडी म्हणजे काठ. मला तर वाटतं आपल्याकडे ‘गंगा’ हे एका नदीचं नाव राहिलंच नाही, ते ‘मोठं पवित्र पाणी’ अशा अर्थाचं सामान्यनाम झालं. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, माणगंगा, बाणगंगा, पैनगंगा, वैनगंगा. मोजत बसलं तर संपायची नाहीत.

कानदखोरे

आमच्या मावळात उलटा प्रवास आहे. नदीने माणसांच्या मुलखाला नाव दिलं. मुठेचं मुठे खोरं, मोसेचं मोसे खोरं, कानदीचं कानद खोरं, पवनेचं पवन मावळ, आंद्रेचं आंदर मावळ, गुंजवणीचं गुंजण मावळ. शिवकालीन कागदांत माणूस कुठला हे असंच सांगितलेलं असतं. अपवाद म्हणजे हिरडस मावळ, ते हिरड्याच्या झाडांवरून.

मोसे नदीवर वरसगावचं धरण झालं, आंबी नदीवर पानशेतचं. आज पुण्यात शंभर जणांना विचारा, मोसे नावाची नदी आहे हे किती जण सांगतील? धरणाचं नाव राहिलं, नदीचं गेलं.

पावसाळी

+१. वाचतेय. माझ्याकडे भर घालण्यासारखं नाही, पण आज आजीला फोन करणार.

जुन्नरी

घाटवाटा आणि कडे यांच्याबद्दल लिहितो, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

डोंगरातली नावं बनवायला आपल्याकडे शब्दांची फार मोठी पेटी आहे आणि शहरात आल्यावर आपण ती उघडतच नाही. डोंगराची उतरती धार म्हणजे सोंड किंवा दांड. दोन कड्यांमधली दगडगोट्यांची उभी वाट म्हणजे नाळ किंवा नळी. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट याच शब्दाची. कड्याच्या मध्यावर निघालेला सपाट पट्टा म्हणजे पदर, त्यावरून पदरगड. कातळाला आरपार भोक असेल तर ते नेढं, म्हणजे सुईचं नेढं असतं तेच. राजगडाला आहे, रतनगडाला आहे. लुगड्याचा पदर, सुईचं नेढं, हत्तीची सोंड. घरातल्या आणि रोजच्या बघण्यातल्या वस्तू उचलून डोंगरावर ठेवल्यात. तिकोना तीन कोनांचा, लिंगाणा शिवलिंगासारखा. नाव ऐकलं की लांबून ओळखता यावं, हा सरळ हेतू.

आता नाव कसं सरकतं ते बघा. नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडायची असं परंपरेने सांगतात. इंग्रजांनी तो ‘नाना घाट’ असा लिहिला. शेजारच्या सुळक्याला आज सगळे नानाचा अंगठा म्हणतात आणि दर पावसाळ्यात कोणीतरी मला विचारतं की हा नाना कोण होता.

तिथून जवळच जीवधनचा सुळका. जुनं नाव वानरलिंगी, दुसरं नाव खडा पारशी. हे दुसरं नाव मुंबईतून आलंय. भायखळ्याला उंच खांबावर एका पारशी गृहस्थाचा पुतळा आहे, त्याला मुंबईकर खडा पारशी म्हणतात. सुळका बघून कोणाला तरी तो आठवला असणार. एकाच दगडाकडे बघून रानातल्या माणसाला वानर दिसलं आणि शहरातल्या माणसाला पुतळा. मला दोन्ही नावं प्यारी आहेत, पण फलकावर एकच राहिलं तर ते वानरलिंगी राहावं असं मनापासून वाटतं.

तापीचे खोरे

आमच्याकडे प्रश्न वेगळा: एक नाव आणि नद्या अनेक. सातपुड्यातून येऊन मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते ती पूर्णा. अजिंठ्याच्या डोंगरातून येऊन गोदावरीला मिळते, जिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत, तीही पूर्णा. डांगातून नवसारीकडे जाते ती तिसरी पूर्णा. आमच्या आत्याचं सासर परभणीकडचं, माहेर जळगावचं. तिच्या बोलण्यात ‘पूर्णा’ आलं की ती कुठल्या घराबद्दल बोलतेय त्यावरून नदी ओळखायची.

मुळेचंही तसंच. पुण्याची मुळा वेगळी, हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येऊन नेवाशाजवळ प्रवरेला मिळणारी नगरची मुळा वेगळी.

तापी जिथे उगम पावते ते बैतूल जिल्ह्यातलं गाव मुलताई, म्हणजे मूळतापी. नदीने गावाला नाव दिलं आणि गावाने ते इतकं झिजवलं की आत नदी आहे हे लक्षातही येत नाही. सातपुड्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे. अश्वत्थामा तिथे अजून भटकतो असं मानतात, दिवाळीत हजारो आदिवासी बांधव रात्री चढून जातात.

मोजमाप

चर्चा छान चालली आहे, पण एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. नावाच्या आवाजावरून अर्थ काढायचा मोह फार वाईट. मी भाषेचा विद्यार्थी आहे आणि या मोहाने केलेल्या चुका रोज बघतो. नदीचं नाव बहुतेक वेळा त्या प्रदेशातल्या आजच्या भाषेपेक्षा जुनं असतं. माणसं बदलतात, राज्य बदलतं, भाषा बदलते, नवा आलेला माणूस जुन्याला विचारतो "हे काय?" आणि मिळालेलं नाव आपल्या जिभेला पेलेल तसं बोलतो. मग दोनतीनशे वर्षांनी त्या आवाजाला अर्थ हवासा वाटतो आणि त्यासाठी गोष्ट तयार होते.

साताऱ्याची वेण्णा, नागपूर-वर्ध्याकडची वेणा, भंडाऱ्याची वैनगंगा ही नावं शेजारी ठेवून बघा. एकमेकींपासून इतक्या लांब आणि तरी आवाज एकच. म्हणून मी प्रत्येकीसाठी सांगितली जाणारी वेगवेगळी कथा बाजूला ठेवतो आणि आधी हा सारखेपणा बघतो. चिखलदऱ्याचंही बघा. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, असं सांगतात. पण चिखल आणि दरा हे दोन्ही शब्द जिवंत मराठीत आहेत, ते आधी का विचारात घेऊ नयेत?

अर्थ नक्की असतो तिथे जुना लेखी पुरावा शोधावा. वर्धा नदी ‘वरदा’ म्हणून कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात येते, विदर्भाची वाटणी करणारी सीमा म्हणून. असा दाखला मिळाला तर बोलायला जागा आहे.

बारीचा

मोजमाप, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. मी अकोले तालुक्यातला, कळसूबाईच्या पायथ्याचा. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, हे सगळे लिहितात. आमच्यात सांगतात ते असं. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोऱ्याला एका घरी कामाला राहिली, पण अट घातली की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरातल्यांनी तेच काम सांगितलं. तिने केलं आणि तडक डोंगरावर निघून गेली ती मरेपर्यंत वरच राहिली. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ.

आता व्युत्पत्ती खरी का खोटी हे तुम्ही ठरवा. पण राज्यातलं सगळ्यात उंच टोक एका राजाच्या नाही, देवाच्या नाही, तर दिलेला शब्द मोडला म्हणून घर सोडून गेलेल्या कामकरी मुलीच्या नावावर आहे. नवरात्रात आमच्या बाया ओटी घेऊन वर जातात त्या तिलाच भेटायला. गोष्ट नावानंतर जोडली गेली असेल तरी ती आम्ही जोडली. तोही पुरावाच, नदीबद्दल नसला तरी माणसांबद्दलचा.

मोजमाप

बारीचा, मान्य. माझा शब्द मागे घेतो. गोष्टीची नोंद वेगळी ठेवायची आणि व्युत्पत्ती वेगळी, दोन्ही जपायच्या.

दक्षिणवारा

न्यूझीलंडहून लिहितेय. इथल्या सगळ्यात उंच डोंगराचं इंग्रजी नाव माउंट कुक, माओरी नाव आओराकी. १९९८ साली तिथल्या ङाई ताहू जमातीशी झालेल्या तडजोडीच्या कायद्याने अधिकृत नाव ‘आओराकी / माउंट कुक’ झालं, माओरी नाव आधी. माझी मुलं शाळेत तसंच म्हणतात.

हे ऐकलं की मला महाबळेश्वर आठवतं. केट्स पॉइंट म्हणजे नाकेखिंड. केट ही गव्हर्नर माल्कमची मुलगी. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा. लोणावळ्याजवळचा ड्यूक्स नोज म्हणजे नागफणी. ही मूळची नावं कोणी पुसून टाकली नाहीत, आपणच उच्चारायची सोडली. सहलीला जाताना आपण स्वतः कुठलं नाव घेतो?

एव्हरेस्टचंही हेच. त्या शिखराला १८६५ मध्ये हे नाव दिलं गेलं, पण खुद्द जॉर्ज एव्हरेस्टची त्याला हरकत होती. इथल्या माणसांना हे नाव उच्चारता येणार नाही आणि हिंदीत लिहिता येणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. स्थानिक नाव मिळत नाही, हे नाव देणाऱ्यांचं कारण. तेव्हा नेपाळ आणि तिबेट त्यांना बंद होते, म्हणजे विचारायला जाताच आलं नव्हतं. पलीकडचे लोक चोमोलुंग्मा म्हणतच होते.

खाडीपट्टा

मुंबईकडून एक भर. मिठी नदी आमच्या लहानपणी ‘नाला’ होती. विहार आणि पवईच्या पाण्यातून निघते, माहीमच्या खाडीला मिळते, सगळं नदीचंच, पण तोंडात नाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर वर्तमानपत्रांत, घराघरांत ‘मिठी नदी’ हा शब्द परत आला. नाला म्हटलं की त्यात भराव टाकायला, त्याला वळवायला हात धजावतो. नदी म्हटलं की निदान एकदा थांबतो. मी त्या रात्री कुर्ल्यात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो, म्हणून हे मला नुसतं शब्दांचं प्रकरण वाटत नाही.

आडवाट

खाडीपट्टा, तुमच्या प्रतिसादावर खेडची जगबुडी आठवली. बुडवणार हे नावातच सांगून ठेवलंय, आणि पावसाळ्यात तिने इशारा पातळी ओलांडल्याची बातमी येतेच. त्या आजींचा खडक आणि हे नाव एकाच जातीचं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना पूर मोजायला दुसरं साधन नव्हतं.

दक्षिणवारा यांच्या मुद्द्यावर: नकाशात एकाच जागेला दोन-तीन नावं भरता येतात, मुख्य आणि पर्यायी. मी आज नाकेखिंड आणि सिंदोळा दोन्ही नीट आहेत का ते बघतो.

शिवसागर

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा तीन दिवस उघडून बसले आहे.

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा आजोबा तरणे होते. आम्हाला उठवून सपाटीला नेलं, तिथे नदी नाही, कालवा आहे. माझा जन्म इथलाच. जलाशयाचं नाव शिवसागर, ते मला आवडतं, नावाबद्दल तक्रार नाही. पण त्याच्याखाली आणखी किती नावं आहेत ते कुठल्याच नकाशात नाही. वर कोणीतरी म्हटलंय की धरणाचं नाव राहतं आणि नदीचं जातं. जायकवाडीचं तर असं की धरण आहे पैठणला आणि नाव बीड जिल्ह्यातल्या त्या गावाचं जिथे ते आधी बांधायचं ठरलं होतं. धरणाचं नाव कुठूनही आणता येतं. ओढ्याचं आणता येत नाही.

आडवाट, मला विचारायचं होतं, पाण्याखालच्या जागांची नावं तुमच्या त्या नकाशात भरता येतात का?

आडवाट

ताई, येतात. आता अस्तित्वात नसलेल्या जागांसाठी नोंदीची वेगळी सोय आहे. जागा अंदाजे कळली तरी चालेल. धरणाआधीचे जुने सर्व्हेचे नकाशे मिळाले तर मी ते खाली ठेवून जुळवून देईन. तुम्ही फक्त आजोबांकडून नावं घ्या. घाई करा असं म्हणायला जीभ धजत नाही, पण घाई करा.

शिवसागर

काल रात्री बसले. आधी म्हटलं, "आबा, गावातल्या जागांची नावं सांगा." दोन-तीन सांगून थांबले, म्हणाले आठवत नाही. वाईट वाटलं. मग मीच म्हटलं, "आबा, घरातून निघून नदीवर गुरं न्यायची तर कसं जायचं?" त्यांनी डोळे मिटले आणि चालायला लागले, म्हणजे बसल्या जागी. मी लिहीत गेले.

दारातून निघालं की धाकटं खळं. तिथून उतरून खडकीचा ओढा, तो ओलांडायचा वरच्या अंगाने. मग मधला दांड. दांडाच्या टोकाला म्हसोबा, तिथे गुरं आपोआप थांबायची. तिथून दोन वाटा: डावीकडे उंबराचं पाणी, उजवीकडे कुंभारमाळ. आपण डावीकडे. उंबराच्या पाण्याला वर्षभर धार. पुढे बायकांचा उतार, मग गुरांचा उतार, आणि त्याच्या खाली कासवाचा डोह. डोहाच्या पलीकडे काय, म्हटलं तर म्हणाले, "पलीकडे दुसरं गाव. त्यांची नावं त्यांना विचार."

नऊ निघाली. नदीचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, मी शेवटी विचारलं तेव्हा म्हणाले, "नदी म्हणजे नदीच की गं." उद्या त्यांना घरातून रानात लाकडाला कसं जायचं ते विचारणार आहे.